गोठ्यातून माणसाच्या कातडीवर येणारे आजार: खान्देशातल्या पशुपालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत गोठा घराला लागूनच असतो. सातपुड्यातल्या पाड्यांवर तर बकऱ्या रात्री घरातच बांधतात. वासराच्या मानेवरची खपली आणि घरातल्या पोराच्या गालावरचा चट्टा एकाच आठवड्यात उठतो, पण दोघांचा संबंध कुणी लावत नाही. पोराला मेडिकलवरून ट्यूब येते आणि वासराला काळं ऑइल फासलं जातं. दवाखान्यातही ‘घरी ढोरं आहेत का?’ हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. म्हणून लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे सविस्तर दिली आहेत.

जनावराचा कातडीचा आजार माणसाला खरंच लागतो का?

काही आजार लागतात, बरेचसे लागत नाहीत. गजकर्ण लागतो. शेळ्या-मेंढ्यांचा मावा, म्हशीची देवी आणि गाई-म्हशींच्या सडावरचे काही विषाणूजन्य फोड लागतात. फाशी, म्हणजेच काळपुळी, लागते आणि ती जिवावर बेतू शकते. जनावरांच्या खरजेचे किडे अंगावर आले तर काही दिवस खाज सुटते. लम्पी, फऱ्या आणि गुरांचा घटसर्प माणसाला होत नाहीत. लाळ्या खुरकूत माणसात इतका दुर्मीळ आहे की त्याची काळजी करू नये. लहान मुलांच्या हातापायांवर आणि तोंडात फोड येणारा जो आजार शाळांमधून पसरतो, त्याचा विषाणू निराळा आहे आणि गोठ्याशी त्याचा काही संबंध नाही.

यातले बहुतेक जंतू धडधाकट कातडीतून आत शिरत नाहीत, त्यांना चीर किंवा ओरखडा लागतो. आणि आपल्याकडे चिरांना तोटा नाही. कापूस वेचताना बोंडाच्या टोकांनी बोटं सोलवटतात, केळीच्या बागेत विळा लागतो, उन्हाळ्यात टाचा आणि तळहात भेगाळतात. त्याच हातांनी संध्याकाळी धार काढायची असते. गजकर्णाची बुरशी मात्र जखमेची वाट पाहत नाही. ओलसर, घामट कातडी तिला पुरते.

लम्पीच्या साथीत मी गाईच्या गाठींना हात लावला होता. मला लम्पी होईल का?

नाही. ही भीती खान्देशात खोलवर बसली, त्याला कारण आहे. २०२२ च्या साथीत राज्यातली पहिली लागण रावेर तालुक्यातल्या चिनावलला, ऑगस्टच्या सुरुवातीला आढळली. पुढे आठवड्याचे गुरांचे बाजार बंद झाले, गावोगाव अफवा उठल्या, काहींनी दूध ओतून दिलं. पण लम्पीचा विषाणू गोवर्गातच राहतो, म्हशीलाही कमीच होतो आणि माणसाला होत नाही. तो मुख्यतः माश्या, डास, गोचीड यांच्यामार्फत एका जनावराकडून दुसऱ्याकडे जातो. जनावरांना तेव्हा शेळ्यांच्या देवीची लस दिली, कारण दोन्ही विषाणू एकाच कुळातले आहेत.

लम्पीच्या जनावराची सेवा करताना तुमच्या हातावर फोड आला असेल, तर त्याचं कारण दुसरं आहे. ते शोधायला हवं. ‘लम्पी माणसाला होत नाही ना, मग सोडून द्या’ असं म्हणू नका.

वासराच्या डोळ्याभोवती राखाडी खपल्या आहेत, केस गळालेत. त्यानंतर घरात दोघांना चट्टे आले. हे काय आहे?

बहुधा गजकर्ण, ज्याला नायटा किंवा दाद असंही म्हणतात. गाई-म्हशींमध्ये तो बहुतेकदा ट्रायकोफायटॉन व्हेरुकोसम या बुरशीमुळे होतो आणि वर्षाच्या आतल्या वासरा-पारड्यांना सर्वांत जास्त. डोळ्यांभोवती, कानांवर, मानेवर रुपयाएवढे गोल डाग पडतात, त्यावर राखेच्या रंगाची जाड खपली धरते. वासराला फारशी खाज नसते, ते खातं-पितं, त्यामुळे कुणी लक्ष देत नाही. काही महिन्यांत ते आपोआप बरंही होतं. तोवर त्याच्या खपल्या गव्हाणीला, खांबाला, दाव्याला, खराऱ्याला चिकटलेल्या असतात, आणि त्यातली बुरशी कोरड्या जागी महिनोन्‌महिने, कधी वर्षाहून जास्त जिवंत राहते. पुढच्या वर्षीच्या नव्या वासराला त्याच खांबावरून गजकर्ण होतो.

माणसात तो हाताच्या पुढच्या भागावर, मानेवर, चेहऱ्यावर उठतो, म्हणजे वासराला कवेत घेताना जिथे अंग लागतं तिथे. आधी लहान लाल पुळी येते, मग गोल वाढत जाणारा चट्टा. कडा उठावदार आणि खवलेदार, मध्ये थोडी साफ कातडी, वर खाज. जनावराकडून आलेला गजकर्ण माणसाकडून आलेल्यापेक्षा जास्त लाल आणि सुजलेला असतो, कारण आपल्या शरीराला ही बुरशी परकी असते आणि ते तिच्याशी जोरात झगडतं.

वासराला आधी होता, मग पोराला झाला, हे डॉक्टरांना सांगा. कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की दहा मिनिटांत बुरशी दिसते. ही तपासणी स्वस्त आहे आणि जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही ठिकाणी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत.

मेडिकलवाल्याने ट्यूब दिली. लावली की दोन दिवसांत खाज थांबते, सोडली की दुप्पट येते. असं का?

या प्रश्नाला मी सर्वांत जास्त जागा देतोय, कारण सध्या गजकर्णापेक्षा त्याच्यावरच्या चुकीच्या ट्यूबनेच लोकांचं जास्त नुकसान होतंय.

बाजारात ज्या ‘तीन-चार औषधं एकत्र’ असलेल्या ट्यूब मिळतात, त्यात बुरशीचं औषध, जिवाणूंचं औषध आणि त्यांच्या जोडीला स्टिरॉइड असतं. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी एखादं नाव ट्यूबवर बारीक अक्षरात सापडेल. स्टिरॉइड सूज आणि खाज दाबतं, म्हणून पहिल्या दोन दिवसांत जादू झाल्यासारखं वाटतं. पण सूज ही शरीराची बुरशीशी चाललेली लढाई असते. ती दाबली की बुरशी निवांत पसरते. चट्ट्याच्या कडा पुसट होतात, त्यामुळे डॉक्टरांनाही तो ओळखू येत नाही. महिनोन्‌महिने लावलं तर जांघेतली कातडी पातळ होऊन तिच्यावर कायमच्या रेघा उमटतात, चेहऱ्यावर लाली आणि पुरळ राहतं. लहान मुलांच्या अंगात ते कातडीतून शोषलं जातं.

भारतात गेल्या दहा-पंधरा वर्षांत नेहमीच्या औषधाला दाद न देणारा गजकर्ण घरोघरी पसरलाय. तो बहुतांशी माणसाकडून माणसाकडे जातो, जनावरांना त्याचा दोष देता येत नाही. पण गोठ्यातून आलेल्या साध्या चट्ट्यावर अशी ट्यूब फासली की तोही चिवट होतो. स्टिरॉइडच्या मलमांना डॉक्टरांची चिठ्ठी लागते, हा कायदा आहे. चिठ्ठी नसताना ती दिली जातात आणि आपण घेतो.

साध्या, लहान चट्ट्याला एकाच औषधाचं मलम पुरतं: क्लोट्रिमॅझोल, टर्बिनाफिन किंवा डॉक्टर सांगतील ते. चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटं लावायचं आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही किमान दोन आठवडे सुरू ठेवायचं. नेमकी हीच गोष्ट कुणी करत नाही. चट्टे मोठे असतील, जांघेत असतील, नखात किंवा डोक्यात असतील तर पोटात घ्यायचं औषध लागतं आणि ते अनेक आठवडे चालतं. गरोदर बाईने किंवा यकृताचा त्रास असलेल्याने ही औषधं कधीही स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

पोराच्या डोक्यात पू भरलेली मऊ गाठ आली आहे, केस गळतात. गळू म्हणून चिरून घ्यावं का?

थांबा. गुरांच्या गजकर्णाने डोक्यात किंवा पुरुषांच्या दाढीत अशीच गाठ येते. ती मऊ, दुखरी असते, तिच्यातून पू झिरपतो आणि केस ओढले की सहज निघतात. ही बुरशीवरची शरीराची तीव्र प्रतिक्रिया आहे. चिरून फायदा होत नाही, उलट व्रण पडून त्या जागी केस कायमचे जातात. पोटात घेण्याचं बुरशीविरोधी औषध वेळेत सुरू झालं तर बहुतेक केस परत येतात. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि वासराची गोष्ट त्यांना पहिल्या वाक्यात सांगा.

वासरावर आणि गोठ्यावर काय उपाय?

पशुवैद्यकांकडून लावायचं औषध घ्या. खपल्या हाताने खरवडून जमिनीवर टाकू नका. ओल्या करून, मऊ झाल्यावर काढा आणि जाळा. बाधित वासराचं दावं, झूल, खरारा वेगळा ठेवा. गव्हाण आणि खांब घासून धुऊन चुना लावा. वासराला दिवसा उन्हात बांधा. खान्देशात ऊन फुकट आहे, पण आपण वासरं अंधाऱ्या कोपऱ्यात कोंबतो आणि मग गजकर्ण सुटत नाही. काळं ऑइल, डिझेल, बॅटरीतलं पाणी वासराच्या कातडीला भाजतं. ते लावू नका.

शेळीच्या तोंडाला मावा झाला होता. तिला औषध पाजल्यावर माझ्या बोटावर मोठी गाठ आली आहे. कापावी लागेल का?

नाही. मावा हा शेळ्या-मेंढ्यांचा विषाणूजन्य आजार आहे. करडांच्या ओठांवर, हिरड्यांवर फोड येऊन वर जाड खपली धरते, आणि पिणाऱ्या करडाकडून तो आईच्या सडाला जातो. धुळे आणि साक्री भागातले ठेलारी मेंढपाळ, घरी दोन-चार बकऱ्या पाळणाऱ्या बाया, खाटीक आणि बकरी ईदला घरी कुर्बानी करणारे हे सगळे उघड्या हातांनी ही तोंडं हाताळतात.

लागण झाल्यावर तीन ते सात दिवसांत बोटावर लाल पुळी येते. मग ती गोल, घट्ट गाठ होते. मध्ये लाल, भोवती पांढरं कडं, त्याबाहेर पुन्हा लाल. पुढे ती ओलसर होते, मग खपली धरते. दिसायला भीतीदायक असली तरी सहसा सहा ते आठ आठवड्यांत ती स्वतःहून बरी होते आणि खूण राहत नाही. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. ते फक्त वरून दुसरे जंतू शिरले, पू आला, हात सुजला तर लागतं. गाठ स्वच्छ ठेवा, कोरड्या पट्टीने झाका, त्या हाताने दुसऱ्या शेळीला हात लावू नका. माणसाकडून माणसाला मावा क्वचितच जातो.

कापणं म्हणाल तर, गाठ पू भरल्यासारखी दिसते म्हणून ती चिरली जाते आणि बरं होणं लांबतं. ‘माझ्या शेळीला मावा होता’ एवढं एक वाक्य सांगितलंत तर बोटावरची ती चीर टळेल. ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे, म्हणजे कॅन्सरचं औषध चालू आहे, किडनी बदलली आहे किंवा एचआयव्ही आहे, त्यांच्यात मात्र गाठ खूप मोठी होऊ शकते. त्यांनी थेट मोठ्या दवाखान्यात जावं. खाली पडलेल्या खपल्यांतला विषाणू कोरड्या जागी महिनोन्‌महिने टिकतो, म्हणून कळप एकदा बरा झाला तरी वाडा झाडून, कचरा जाळून घ्या. एकदा होऊन गेला म्हणजे पुन्हा होणार नाही, असंही नाही.

म्हशीच्या सडावर फोड आहेत आणि धार काढणाऱ्याच्या बोटांवरही आलेत. दोन्ही एकच का?

असू शकतात. इथे दोन आजार लक्षात ठेवायचे.

पहिला सौम्य आहे. माव्याच्याच कुळातला एक विषाणू गाईच्या सडावर घोड्याच्या नालेसारख्या कड्याची खपली आणतो. धार काढणाऱ्याच्या बोटांवर त्याने जांभळट-लाल, न दुखणाऱ्या गाठी येतात. चार ते सहा आठवड्यांत त्या जातात.

दुसरा म्हणजे म्हशीची देवी. तिचा विषाणू मानवी देवीच्या लसीत जो विषाणू वापरला जात असे त्याचाच जवळचा नातेवाईक आहे. म्हशीच्या कासेवर, सडांवर, कानांच्या आत फोड येतात, दूध घटतं, सड सुजला तर कासदाह होतो. माणसाला ताप येतो, हातांवर आणि कधी चेहऱ्यावर मध्ये खळगा असलेले फोड उठतात, काखेत गाठ येते. महाराष्ट्रात हे घडलेलं आहे. २००९ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या कासेगाव प्राथमिक आरोग्य केंद्राच्या गावांत म्हशी आणि माणसं दोघांनाही याची लागण झाली होती. जुन्या लोकांच्या दंडावर देवीच्या लसीचा व्रण असतो, त्यांना थोडंफार संरक्षण होतं. देवीचं निर्मूलन झाल्याचं १९८० मध्ये जाहीर झालं आणि लसीकरण थांबलं, त्यामुळे आजच्या चाळिशीच्या आतल्या कुणालाच ते संरक्षण नाही. म्हशीचं दूध हा ज्यांचा धंदा आहे, त्यांनी हे समजून घ्यायला हवं.

फोड आलेल्या म्हशीची धार सर्वांत शेवटी काढा. धारेआधी आणि नंतर साबणाने हात धुवा. अंगठा मुडपून सड ओढण्याची सवय असेल तर सडाला चिरा पडतात आणि तिथूनच विषाणू आत जातो, म्हणून पूर्ण मुठीने धार काढा. ज्याच्या हाताला फोड आहेत त्याने महिनाभर धार काढू नये. रोजंदारीच्या माणसाला हे अवघड आहे, हे मला कळतं. पण एका हातावरून सगळा गोठा आजारी पडू शकतो. ताप आणि फोड एकदम असतील तर सरकारी दवाखान्यात जा, कारण तपासणीला नमुना पाठवायचा की नाही हे तिथले डॉक्टर ठरवतील.

रात्री धडधाकट असलेली म्हैस सकाळी मेली. नाकातून काळं रक्त येत होतं. आम्ही कातडं काढलं. आता हातावर काळी खपली आहे, दुखत नाही.

हे वाचत असाल तर आजच, आत्ता दवाखान्यात जा. ही फाशी असू शकते.

फाशी रोज दिसणारा आजार नाही, पण या यादीत सर्वांत घातक हाच आहे. त्याचे जिवाणू बीजाणू बनून जमिनीत दशकानुदशकं टिकतात. चुनखडीयुक्त, अल्कधर्मी माती त्यांना मानवते. कोरड्या दिवसांत जमिनीलगतचं खुरटं गवत उपटून खाताना किंवा दुष्काळानंतरच्या पहिल्या पावसात ते गुरांच्या पोटात जातात. जनावर अचानक मरतं, नाका-तोंडातून आणि गुदद्वारातून गोठत नसलेलं काळपट रक्त येतं, पोट लगेच फुगतं, अंग नीट ताठत नाही.

असं जनावर फाडायचं नाही. बंद मढ्यात हे जिवाणू सडण्याच्या क्रियेत थोड्या दिवसांत मरतात. मढं उघडलं आणि हवा लागली की ते बीजाणू बनवतात, आणि मग ती जागा वर्षानुवर्षं बाधित राहते. पशुवैद्यकांना बोलवा, कुत्री आणि इतर गुरं लांब ठेवा आणि त्यांच्या देखरेखीत खोल पुरा किंवा जाळा. मढं नदीत, नाल्यात सोडू नका. तापी-गिरणा-पांझरेच्या काठची गावं त्याच पाण्यावर जगतात. कातडं आणि मांस स्वस्तात मिळालं म्हणून कुणी नेत असेल तर त्याला स्पष्ट सांगा. तो गरजेपोटी नेतोय आणि धोका सर्वांत आधी त्याच्या कुटुंबाला आहे.

माणसात लागणीनंतर एक ते सात दिवसांत खाजरी पुळी येते, ती फुटून व्रण होतो आणि मध्ये कोळशासारखी काळी खपली धरते. भोवती खूप सूज, पण दुखणं जवळपास नसतं. ही न दुखणारी काळी खपली लक्षात ठेवा, कारण ‘दुखत नाही म्हणजे काही नाही’ असं म्हणून लोक घरी बसतात. उपचार न केल्यास कातडीच्या फाशीने पाचपैकी सुमारे एक जण दगावतो. वेळेत अँटिबायोटिक मिळालं तर मृत्यू क्वचितच होतो. खपली कापू नका, दाबू नका. ज्यांनी ते मांस कापलं, शिजवलं किंवा खाल्लं, त्या सर्वांची नावं डॉक्टरांना द्या. ज्या गावात एकदा फाशी झाली तिथे गुरांना दरवर्षी लस टोचून घ्या.

बकरीला खरूज आहे. घरात सगळ्यांना खाज सुटली.

जनावरांच्या खरजेचे किडे माणसाच्या कातडीवर येतात, चावतात, पण तिथे पिढी वाढवू शकत नाहीत. पोटावर, मांड्यांवर, हातांवर, जिथे बकरी अंगाला लागते तिथे, लाल पुरळ उठतं आणि बकरीवर उपचार झाले, संपर्क थांबला की काही आठवड्यांत जातं. खाज बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेवर असेल, रात्री वाढत असेल आणि घरात एकेकाला लागत चालली असेल तर ती माणसाची खरूज आहे. तिला घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री परमेथ्रिन हे खरजेचं मलम लावावं लागतं. बकरीसाठीचं इंजेक्शन माणसाने घेऊ नये. हे सांगावं लागतंय, कारण असं करणारे लोक आहेत.

सारंगखेड्याच्या बाजारातून घोडी आणली. तिच्या पायावर गाठी फुटल्यात. घरच्यांना धोका आहे का?

घोड्याच्या नाकातून चिकट पू, मागच्या पायांवर रांगेने येणाऱ्या आणि फुटून वाहणाऱ्या गाठी, ताप आणि खंगत जाणं असं असेल तर ग्लँडर्सची शंका घ्यावी लागते. हा आजार दुर्मीळ आहे, पण माणसाला लागतो आणि उपचार नसतील तर जीव घेतो. घोडी वेगळी बांधा, पशुवैद्यकांना कळवा. घोड्यांच्या या तपासणीची राष्ट्रीय संस्था हरियाणातल्या हिसारला आहे, नमुना तिथपर्यंत जाऊ शकतो. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत देशभरातले घोडे येतात. खरेदीआधी तपासणीचा कागद मागणं हे घोड्याचे दात बघण्याइतकंच रोजचं व्हायला हवं.

गोचीड नखाने चिरडले तर काय होतं?

चिरडू नका. त्यांच्या रक्तात आणि अंगात जंतू असतात आणि नखाजवळच्या चिरेतून ते आत जातात. गोचिडांतून पसरणारा क्रायमियन-काँगो हा रक्तस्रावी ताप भारतात पहिल्यांदा २०११ मध्ये शेजारच्या गुजरातेत आढळला. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा आणि साबणाच्या किंवा फिनेलच्या पाण्यात टाका. चावलेल्या जागी नुसती गाठ राहिली तर महिनाभरात जाते. ताप आला तर गोचीड चावल्याचं डॉक्टरांना सांगा.

गाय अडली होती, वार हाताने काढली. हाताला चिरा होत्या.

हात साबणाने भरपूर धुवा. गाय गाभडली असेल तर ब्रुसेलोसिसची, म्हणजे गुरांना गाभडवणाऱ्या जिवाणूच्या आजाराची, शक्यता असते. तो चिरेतून शिरतो. कातडीवर फारसं काही दिसत नाही, पण आठवड्यांनी ये-जा करणारा ताप, घाम आणि सांधेदुखी सुरू होते आणि त्याला बऱ्याचदा टायफॉइड समजलं जातं. पुढच्या वेळी खांद्यापर्यंतचे हातमोजे घाला, किंवा हे काम पशुवैद्यकांना करू द्या.

गाय काही गिळत नव्हती, म्हणून घशात हात घातला. नंतर कळलं की तिला पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं.

ही कातडीच्या आजाराची गोष्ट नाही, पण हा प्रश्न दरवेळी येतोच. लाळ गळणारी, न गिळणारी गाय म्हणजे घशात काही अडकलंय असं धरून शेतकरी हात घालतो. हातावर ओरखडा असेल तर हा रेबीजचा संपर्क मानतात. पंधरा मिनिटं साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा. सरकारी रुग्णालयात ती मोफत मिळते. लक्षणं दिसण्याची वाट पाहू नका. लक्षणं सुरू झाल्यावर रेबीजमधून माणूस वाचवता येत नाही.

बिब्बा, रॉकेल, चुना, शेणाची राख, यातलं काय चालतं?

फोडावर यातलं काहीच नाही. बिब्ब्याने कातडी भाजते आणि फोडांवर फोड येतात. मग मूळ आजार कोणता होता हे ओळखणंच अवघड होतं. चुना आणि रॉकेलही जाळतात. शेण-राखेत धनुर्वाताचे बीजाणू असू शकतात. हळद लावली तर सहसा नुकसान नाही, पण गजकर्ण किंवा फाशी तिने बरी होत नाही. आजीबाईंच्या औषधावर विश्वास ठेवणाऱ्यांचा मला राग नाही. दवाखाना वीस किलोमीटरवर आणि मजुरी बुडणार असेल तर माणूस घरातलंच काहीतरी लावणार. तरी जखम धुवायला साबण आणि पाणी प्रत्येक घरात असतं आणि त्याचा उपयोग बिब्ब्यापेक्षा जास्त होतो.

अशा जनावराचं दूध प्यायचं का?

उकळून प्या. उकळीने यातले बहुतेक जंतू मरतात. सडाला फोड किंवा जखम असेल, दुधात रक्त किंवा गाठी असतील तर ते दूध टाकून द्या. धारोष्ण, न उकळलेलं दूध पिण्याची सवय सोडा, विशेषतः मुलांना ते देऊ नका. फाशीची शंका असलेल्या जनावराचं काहीच खाऊ-पिऊ नका.

पोळ्याला बैलाच्या गळ्यात पडू द्यायचं की नाही मुलांना?

पडू द्या. बैलाच्या मानेवर, डोळ्याभोवती खपल्या नाहीत, कातडी चकचकीत आहे एवढं आदल्या दिवशी आंघोळ घालताना बघा. हा वर्षातला एकच दिवस असतो, ज्या दिवशी शेतकरी बैलाच्या अंगावरून शिंगापासून खुरापर्यंत हात फिरवतो, म्हणजे तपासणीचा दिवसच. पूजेनंतर मुलांचे हात-तोंड साबणाने धुवा, पुरणपोळीला बसण्याआधी.

हातमोजे घालून शेण कोण काढतं? काही जमण्यासारखं सांगा.

शेण काढणं, गोवऱ्या थापणं, सडा घालणं हे बहुतेक घरांत बायकाच करतात आणि त्यांच्या हातांच्या भेगा कुणी मोजत नाही. मोजे नसतील तर किमान भेगांना आणि जखमांना पट्टी लावा, काम झाल्यावर साबणाने धुवा, रात्री खोबरेल तेल लावा म्हणजे भेगा कमी पडतील. गोठ्यातले कपडे घरातल्या अंथरुणावर नेऊ नका. धनुर्वाताच्या लसीचा डोस दहा वर्षांत घेतला नसेल तर घ्या. आजारी जनावर हाताळताना, वार काढताना, माव्याच्या शेळीला औषध पाजताना मात्र मोजे घालाच. शंभर नगांच्या पाकिटातले स्वस्त मोजेही चालतात.

लगेच दवाखान्यात कधी जायचं आणि तिथे काय सांगायचं?

काळी न दुखणारी खपली, ताप, पसरत जाणारी सूज, हातावरून काखेकडे जाणारी लाल रेघ, डोळ्याजवळचा फोड, किंवा घरात गरोदर बाई, तान्हं मूल, साखरेचा रुग्ण यांना फोड असेल तर त्याच दिवशी जा. ‘काही नही व्हत’ म्हणत बाजाराचा दिवस उजाडेपर्यंत थांबू नका.

डॉक्टरांनी विचारलं नाही तरी तुम्ही सांगा: कोणती जनावरं आहेत, त्यांच्या अंगावर काय आहे, गेल्या महिन्यात काय मेलं, सावदा किंवा वरखेडीच्या बाजारातून नवं काय आणलं आणि तुम्ही आतापर्यंत काय लावलं. ट्यूब संपली असेल तर रिकामी ट्यूब सोबत न्या. मोबाइलमध्ये जनावराच्या फोडाचा फोटो असेल तर तो दाखवा, कारण डॉक्टरांना तुमचा गोठा दिसत नसतो. जनावरासाठी १९६२ या क्रमांकावर फोन लावला तर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची मदत मागता येते. माणूस आणि ढोर दोघांवर एकाच आठवड्यात उपचार सुरू करा. एकट्यावर केले तर दुसरा त्याला पुन्हा देत राहतो.